जिक्र व दुआ, प्रातःकालीन

जिक्र व दुआ, प्रातःकालीन : इस्लाम धर्मात पहाटेच्या नमाजाच्या आगेमागे, विशेषतः पहाट फुटल्यापासून सूर्योदयापर्यंत, नित्यनेमाने करावयाचे ईश्वरस्मरण व प्रार्थना. ‘जिक्र’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ स्मरण किंवा उल्लेख असा असून त्याचे अनेकवचन ‘अज्कार’ असे होते. ‘दुआ’ म्हणजे हाक मारणे, याचना करणे. जिक्रमध्ये ईश्वराचे नाव, स्तुती व पावित्र्य यांचा उच्चार असतो. दुआमध्ये भक्त स्वतःसाठी व इतरांसाठी काही मागतो. व्यवहारात मात्र दोहोंची सीमारेषा पुसट आहे, कारण प्रातःकालीन पाठांपैकी बहुतेकांचा आरंभ स्तुतीने होऊन शेवट याचनेत होतो. नमाज हे नियत वेळी, नियत दिशेस व नियत अंगस्थितींत करावयाचे कर्तव्य (फर्ज) होय. जिक्र तसे नाही. त्यासाठी किब्ल्याकडे तोंड असण्याची अट नाही, वजू असणे इष्ट असले तरी अनिवार्य नाही, आणि उभे, बसलेले किंवा आडवे अशा कोणत्याही स्थितीत ते करता येते. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रियांना नमाज माफ असतो, पण जिक्र व दुआ यांना त्या काळातही मनाई नसते. त्यामुळे एखाद्या स्त्रीच्या धर्माचरणात वर्षभर खंड न पडता चालू राहणारी गोष्ट म्हणजे हीच, असे म्हणता येईल.

कुराणात ईश्वराचे पुष्कळ स्मरण करण्याचा आणि सकाळ-संध्याकाळ त्याचे पावित्र्य गाण्याचा आदेश आहे (३३ : ४१-४२). दुसऱ्या एका ठिकाणी (७ : २०५) हे स्मरण मनातल्या मनात, नम्रतेने व आवाज न चढवता करावे, असे सांगितले आहे. हदीस वाङ्मयात या आदेशाला प्रत्यक्ष दिनक्रमाचे रूप आलेले दिसते. सहीह मुस्लिममधील एका वृत्तांतानुसार मुहंमद पैगंबर पहाटेच्या नमाजानंतर सूर्य वर येईपर्यंत आपल्या जागीच बसून राहत. त्या वेळी भोवतालचे सहकारी इस्लामपूर्व काळातील आठवणी काढून हसत व पैगंबर स्मित करीत, असाही त्यात उल्लेख आहे. या बैठकीचे स्वरूप केवळ गंभीर अनुष्ठानाचे नव्हते, हे त्यावरून लक्षात येते. बुखारीच्या संग्रहातील एका हदीसीत झोपलेल्या माणसाच्या डोक्यामागे सैतान तीन गाठी मारतो, असे रूपक आहे. जागे होताच ईश्वराचे स्मरण केल्याने पहिली गाठ सुटते, वजूने दुसरी व नमाजाने तिसरी. तिन्ही सुटल्या, की माणूस टवटवीत उठतो; एरवी जड व आळसावलेला राहतो. आपल्या अनुयायांच्या पहाटेच्या वेळेत बरकत असावी, अशी दुआ पैगंबरांनी केल्याचे सखर अल्-गामिदी या व्यापाऱ्याने सांगितले आहे. हा व्यापारी तेव्हापासून आपला माल दिवस उगवतानाच पाठवीत असे व त्यातून तो सधन झाला, अशी पुस्ती त्याच वृत्तांतात आहे.

काल : मुस्लिम कालगणनेत पहाटेचे दोन प्रकार मानतात. क्षितिजावर उभा, शंकूसारखा दिसून पुन्हा मावळणारा प्रकाश म्हणजे ‘सुबह काजिब’ (फसवी पहाट) आणि क्षितिजालगत आडवा पसरत जाणारा प्रकाश म्हणजे ‘सुबह सादिक’ (खरी पहाट). फजरच्या नमाजाची वेळ दुसऱ्या पहाटेपासून सुरू होते व सूर्योदयास संपते. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर असताना खरी पहाट होते, ही रूढ गणना धरल्यास पनवेलच्या अक्षांशावर (सु. १९° उत्तर) हा अवकाश वर्षभर सव्वा तास ते एक तास वीस मिनिटे एवढा असतो. जूनच्या आरंभी तो पहाटे ४.४० च्या सुमारास सुरू होऊन ६ च्या आसपास संपतो. जानेवारीच्या मध्यास ५.५५ ते ७.१५ असा असतो. फजरचा नमाज झाल्यापासून सूर्य भालाभर वर येईपर्यंत ऐच्छिक (नफ्ल) नमाज पढणे सामान्यतः निषिद्ध मानले आहे. म्हणजे एक नमाज संपला आहे व दुसरा करता येत नाही, असा हा मोकळा काळ आहे. प्रातःकालीन जिक्राचा विस्तार नेमका येथेच का झाला, याचे एक सरळ कारण यात सापडते. सूर्य पुरेसा वर आल्यावर दोन किंवा चार रकअतींचा ‘इश्राक’ नमाज पढून ही बैठक मोडण्याची प्रथा आहे.

पाठ : जागे होताच म्हणावयाच्या कृतज्ञतेच्या छोट्या दुआने आरंभ होतो. झोप हा मृत्यूचा धाकटा भाऊ, ही कल्पना तिच्यामागे आहे. फजरच्या बांगेत नमाज झोपेहून उत्तम असल्याची जी घोषणा जास्तीची असते, ती दिवसाच्या इतर चार बांगांत नसते. नमाजानंतर कुराणातील ‘आयतुल कुर्सी’ (२ : २५५) व शेवटच्या तीन सूरा (११२ ते ११४) म्हणतात, सकाळी व सायंकाळी या सूरा तीन-तीनदा म्हणण्याचा प्रघात आहे. ‘सुब्हानल्लाह’, ‘अल्हम्दुलिल्लाह’ व ‘अल्लाहु अकबर’ ही तीन पदे प्रत्येकी तेहतीस वेळा उच्चारून एकेश्वरत्वाच्या घोषणेने शंभर ही संख्या पुरी करतात. तेहतीस, तेहतीस व चौतीस अशा गणनेला ‘तसबीह-ए-फातिमा’ म्हणतात. घरकामाने हातांना घट्टे पडलेल्या फातिमा यांनी पित्याकडे सेवक मागितला असता पैगंबरांनी सेवकाऐवजी निजताना म्हणावयाचे हे स्मरण दिले, अशी त्यामागील कथा आहे. क्षमायाचनेच्या दुआंपैकी ‘सय्यिदुल इस्तिग्फार’ ही अग्रगण्य मानली जाते. ती दिवसा म्हणणाऱ्याला मोठे फल सांगितले असले, तरी ते ‘मनापासून खात्री बाळगून’ म्हणण्याच्या अटीवर आहे.

अशा पाठांचे संकलन फार लवकर सुरू झाले. अन्-नसाई (मृ. ९१५) व इब्न अस्-सुन्नी या हदीसकारांनी ‘दिवस व रात्र यांतील आचरण’ या अर्थाच्या एकाच नावाने संग्रह केले. दमास्कसचा शाफिई पंडित अन्-नववी (मृ. १२७७) याचा किताब अल्-अज्कार हा या विषयावरील सर्वमान्य ग्रंथ होय. इब्न अल्-जजरीचा (मृ. १४२९) हिस्न अल्-हसीन भारतात उर्दू भाषांतरांमुळे परिचित झाला. अश्रफ अली थानवी (मृ. १९४३) यांच्या मुनाजात-ए-मकबूल मध्ये आठवड्याच्या सात दिवसांसाठी दुआंचे सात भाग पाडले आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस सईद अल्-कहतानी (मृ. २०१८) यांची हिस्न अल्-मुस्लिम ही खिशात मावणारी पुस्तिका जगभर पसरली व तिने बऱ्याच जुन्या संग्रहांना मागे टाकले.

कोकणातील परंपरा : पनवेल, तळोजे यांसह रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा) पट्ट्यातील कोकणी मुसलमान हे शाफिई विधिपंथाचे अनुयायी आहेत. उत्तर भारतातील व देशावरील बहुसंख्य सुन्नी मुसलमान मात्र हनफी आहेत. हा फरक अरबी समुद्रावरील व्यापारातून आला. अल्-मसऊदी या प्रवाशाने हिजरी ३०४ (इ. स. ९१६-१७) मध्ये सैमूर म्हणजे चौल येथे सीराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेल्या व तेथेच जन्मलेल्या सु. दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचे नमूद केले आहे. याच समाजातील माहीमचे मख्दूम अली माहिमी (मृ. १४३१) यांनी तफ्सीर-ए-रहमानी या नावाने ओळखले जाणारे कुराणाचे अरबी भाष्य लिहिले. आईने रात्री पाणी मागितले, ते आणेपर्यंत तिला झोप लागली, आणि मुलगा वाटी घेऊन ती जागी होईपर्यंत रात्रभर उभा राहिला. पहाटे जागी झालेल्या आईने त्याच्यासाठी दुआ केली, ही त्यांच्याविषयीची आख्यायिका कोकणात सर्वश्रुत आहे. तिच्या ऐतिहासिकतेविषयी वाद घालण्यात अर्थ नाही. पहाटेच्या दुआला लोकमानसात किती वजन आहे, ते तिच्यातून कळते.

विधिपंथाच्या या भेदाचा पहाटेच्या उपासनेवर प्रत्यक्ष परिणाम होतो. शाफिई मतानुसार फजरचा नमाज वेळ सुरू होताच, अंधार असतानाच पढणे श्रेयस्कर. हनफी मतानुसार थोडे उजाडू देणे श्रेयस्कर. साहजिकच शाफिई मशिदीत नमाजानंतर सूर्योदयापर्यंत जिक्रासाठी अधिक वेळ उरतो. दुसरे असे, की शाफिई लोक फजरच्या दुसऱ्या रकअतीत रुकूनंतर उभ्याने, हात उचलून ‘कुनूत’ ही दुआ नित्य म्हणतात. इमाम ती मोठ्याने म्हणतो व मागचे ‘आमीन’ म्हणतात. ती राहून गेली, तर नमाजाच्या शेवटी दोन अधिक सजदे करून उणीव भरून काढतात. हनफी लोक कुनूत रात्रीच्या वित्र नमाजात म्हणतात. त्यामुळे देशावरून पनवेलीस नोकरीनिमित्त आलेल्या हनफी मुसलमानास कोकणी इमामाच्या मागे फजर पढताना हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

दुआंचे शिक्षण मुख्यतः घरात व मकतबात होते. जेवणाच्या, घराबाहेर पडण्याच्या, झोपण्या-उठण्याच्या दुआ मुले अर्थ कळण्यापूर्वीच पाठ करतात. घरात कोकणी बोली, शाळेत मराठी किंवा उर्दू आणि दुआ मात्र अरबी, अशी भाषांची विभागणी असल्याने पाठ झालेल्या शब्दांचा अर्थ पुढे स्वतंत्रपणे शिकावा लागतो. पुष्कळांचा तो राहूनच जातो, ही या परंपरेची एक खरी अडचण आहे.

दख्खनमध्ये या अडचणीवर एक सुंदर उपाय निघाला होता. विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत सतराव्या शतकाच्या सुमारास दखनी भाषेत ‘चक्कीनामा’ व ‘चरखानामा’ या प्रकारची गीते रचली गेली. जात्यावर दळताना व सूत कातताना स्त्रियांनी ती म्हणावीत, असा त्यांचा हेतू होता. त्यांत जात्याचा उभा खुंटा म्हणजे अल्लाहच्या नावातील ‘अलिफ’ हे अक्षर, अशा प्रकारची रूपके आढळतात. फिरणाऱ्या जात्याच्या लयीत जिक्राची पदे आपोआप बसतात. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात या गीतांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इस्लाम दख्खनच्या घराघरांत पोहोचला, त्यात विद्वानांच्या तत्त्वग्रंथांपेक्षा या गीतांचा वाटा मोठा असावा, असे त्याचे प्रतिपादन आहे. पहाटेच्या जात्यावरील मराठी ओवीशी त्यांचे नाते उघड आहे. दळणाच्या गिरण्या आल्यावर जाते थांबले व दोन्ही परंपरांचा आधारच गेला.

नेम व सवय : प्रातःकालीन स्मरणाचा एकदा ठरवून घेतलेला भाग म्हणजे ‘विर्द’ (अनेकवचन ‘अवराद’). अल्-गझाली (मृ. ११११) याने इह्या उलूम अद्-दीन मध्ये या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले असून दिवसाचे सात विर्द पाडले आहेत. पहाट ते सूर्योदय हा त्यांतील पहिला. या काळासाठी त्याने दुआ, जिक्र, कुराणपठण व चिंतन अशी चार कामे सांगितली आहेत. एकाच कामाने मन कंटाळते, म्हणून ती आलटूनपालटून करावीत, हा त्याचा व्यवहारी सल्ला आहे. नेमाच्या प्रमाणाविषयी हदीस वाङ्मयाचा कल स्पष्टपणे थोड्याकडे आहे. ईश्वराला सर्वांत प्रिय ते आचरण, जे थोडे असले तरी सातत्याने होते, हा आशय आयेशा यांनी सांगितलेल्या प्रसिद्ध हदीसीत आहे. रात्रीची उपासना सुरू करून सोडून दिलेल्या एका माणसासारखे होऊ नकोस, असे पैगंबरांनी अब्दुल्लाह इब्न अम्र यांना बजावले होते. झोपेमुळे रात्रीचा विर्द राहिला, तर तो फजर व दुपारच्या नमाजादरम्यान म्हणून घ्यावा, म्हणजे वेळेवर म्हटल्याप्रमाणेच त्याची नोंद होते, असेही उमर यांच्याकडून आलेल्या हदीसीत आहे. एका दिवसाच्या खंडाने नेमच मोडला असे समजून तो सोडून देणाऱ्यासाठी ही सवलत महत्त्वाची ठरते. पुष्कळांचा नेम रमजानमध्ये सुरू होतो, कारण सहरीसाठी घर जागे झालेलेच असते. शव्वाल लागताच तो ढिलावतो, हेही तितकेच नेहमीचे आहे.

सवयीने उपासना यांत्रिक होते काय, हा प्रश्न मुस्लिम विचारवंतांनी टाळलेला नाही. कर्माला उपासनेचे (इबादत) रूप संकल्पामुळे (नियत) येते व त्याखेरीज ते नुसती सवय (आदत) राहते, असा धर्मशास्त्राचा सिद्धांत आहे. जुवैरिया या पैगंबरपत्नी फजरपासून दिवस चांगला वर येईपर्यंत मुसल्ल्यावर बसून होत्या. पैगंबरांनी परतल्यावर त्यांना सांगितले, की मधल्या वेळेत मी चार पदे तीनदा म्हटली, ती तुझ्या सर्व पाठाच्या तोलाची आहेत. संख्येपेक्षा अर्थव्याप्तीला दिलेले हे महत्त्व उल्लेखनीय आहे. उलट बाजूने, मन लागत नाही म्हणून जिभेने होणारे स्मरण सोडू नये, कारण स्मरण अजिबात नसणे हे त्याहून वाईट, असे इब्न अताउल्लाह (मृ. १३०९) याचे मत आहे. गझालीही जिभेच्या स्मरणाला पहिली पायरी मानतो. मनाला ओढून आणावे लागण्याची अवस्था त्यानंतरची.

मतभेद : जिक्र मोठ्याने (जली) करावे की मुक्याने (खफी), सामूहिक की एकट्याने, यांविषयी दीर्घकाळ वाद आहे. कादिरी संप्रदायात जली, तर नक्शबंदी संप्रदायात खफी जिक्रास प्राधान्य आहे. खुद्द इमाम शाफिई (मृ. ८२०) यांच्या मते नमाजानंतरचे स्मरण हलक्या आवाजात करावे, लोकांना शिकवायचे असेल, तर इमामाने ते शिकेपर्यंतच मोठ्याने म्हणावे. त्यांच्याच पंथाच्या काही मशिदींत सामूहिक उच्चार कायमचा रूढ झाला, ही गोष्ट थोडी गमतीची आहे. मशिदीत वर्तुळ करून खड्यांनी गणना करणाऱ्यांना इब्न मसऊद यांनी हटकल्याचा वृत्तांत दारिमीने दिला आहे व अहले हदीस पंथीय त्याचा आधार घेतात. तसबीहची (तेहतीस किंवा नव्याण्णव मण्यांची माळ) उपयुक्तता बहुतेक पंडितांनी मान्य केली असली, तरी बोटांच्या पेरांवर मोजणे अधिक चांगले मानतात.

वारकऱ्यांच्या नामस्मरणाशी व काकड आरतीशी या आचाराचे साम्य मराठी वाचकास सहज जाणवेल. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे कादिरी परंपरेशी संबंधित संतकवी या दोन प्रवाहांच्या संगमावर उभे आहेत. तथापि जिक्रात मूर्ती अथवा रूप यांना स्थान नाही, आणि नाम हे ईश्वराच्या एकत्वाच्या घोषणेपासून वेगळे काढता येत नाही, हा भेद मूलभूत आहे.

पनवेलहून मुंबईपर्यंत उपनगरी रेल्वे १९९८ मध्ये सुरू झाल्यापासून तेथील नोकरदारांची पहाट बदलली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचा प्रवास सु. ८० मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ फजर ते सूर्योदय एवढ्याच अवधीचा आहे. हिवाळ्यात लवकरची गाडी पकडणाऱ्यास मुसल्ल्यावर बसून राहणे शक्य नसते. अशा वेळी नमाज घरी किंवा मशिदीत उरकून उरलेला विर्द गाडीत, बोटांच्या पेरांवर मोजत पुरा करता येतो. जिक्राला दिशा, आसन व स्थान यांचे बंधन नसल्याने विधिपंथांपैकी कोणाचीही त्यास हरकत नाही.