लाल भिंतीवरचा पांढरा चौक

जर्मनीत प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचे मानचिन्ह असते. या चिन्हांचे मूळ बाराव्या शतकातल्या ढालींवर आहे. चिलखत चढवल्यावर आपला कोण आणि परका कोण हे लांबून ओळखता यावे, म्हणून सरदार ढालींवर खुणा रंगवू लागले. त्यातून एक नियम रुजला: पांढरा आणि पिवळा गडद रंगावरच काढायचा, फिक्यावर फिका नाही, गडदावर गडद नाही. जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्याच्या चिन्हातला लाल पाटीवरचा पांढरा घोडा याच नियमातला.

पांढरा घोडा डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरही आहे. वारली घरात लग्न निघाले की सुवासिनी गेरूच्या भिंतीवर चौक काढतात. मोठ्या लग्नचौकात पालघट, पीकपाणी आणि संतती वाढवणारी देवी. लहान देवचौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या; त्याला डोके नसते, मानेतून धान्याची पाच कणसे फुटलेली असतात. भोवती सूर्य, चंद्र, शिडी, फणी. लग्न धवलेरी ही पुरोहित बाई लावते, गाणी म्हणत. माझ्या मते डहाणूचे खरे मानचिन्ह हेच, आणि ते बायकांनी घडवले आहे.

चौकाच्या पांढऱ्या रेघेमागचे विज्ञान तर फार सुंदर आहे. तांदळाच्या पिठात पाणी आणि थोडा डिंक कालवतात, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रेघ ओढतात. ओली रेघ फिकी दिसते, वाळली की उजळते. पिठातले स्टार्चचे कण काही मायक्रोमीटरचे, स्वतः जवळजवळ पारदर्शक. त्यांच्यामध्ये पाणी असते तेव्हा प्रकाश फारसा न वळता आरपार जातो. पाणी उडून तिथे हवा शिरली की कण आणि हवा यांच्या अपवर्तनांकातला फरक वाढतो, प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश विखुरतो आणि सगळे रंग एकत्र परत येतात. तोच पांढरा. गेरूतले लोहाचे ऑक्साइड मात्र निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते. आपल्या डोळ्यातला पडदा उजेड-अंधाराची कड ठळकपणे टिपतो, त्यामुळे दिव्याच्या मिणमिणत्या उजेडातही चौक ठसठशीत दिसतो. युरोपातल्या चिन्हकारांनी नियम करून जे साधले, ते इथे हाताच्या सवयीत आहे.

गंजाड गावचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी 1970च्या दशकात ही चित्रे कागदावर आणली आणि जगभर नेली. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आता वारली माणसे साड्यांवर, कपांवर, सरकारी कुंपणांवर नाचतात. नाचू देत, त्यातून अनेक घरे चालतात. पण पालघटीचा चौक ही नुसती नक्षी नव्हे. तो लग्नासाठी काढतात, देवीला घरात बोलावण्यासाठी काढतात. शाळेच्या किंवा कचेरीच्या भिंतीवर तो रंगवायचा असेल, तर आधी त्या गावच्या धवलेरीला आणि सुवासिनींना विचारा.