हृदयात पंप बसवलाय, मग इको कसा वाचायचा?

एक माणूस तुमच्यासमोर बसून मस्त गप्पा मारतोय, पण मनगटाला हात लावला तर नाडीच लागत नाही. घाबरू नका. त्याला एलव्हॅड बसवलाय, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला मदत करणारा पंप. हार्टमेट ३ सारखा पंप मिनिटाला साधारण ५,००० ते ६,००० फेरे घेतो आणि रक्त सलग ढकलत राहतो. म्हणून ठोका हाताला फारसा जाणवत नाही.

अशा माणसाचा इको काढला की नेहमीचे नियम चालत नाहीत. एरवी महाधमनीची झडप दर ठोक्याला उघडलीच पाहिजे. इथे ती दोन-तीन ठोक्यांतून एकदा उघडली तरी चालतं, कारण बरंचसं रक्त पंपातून थेट महाधमनीत जातं. पण ती कायम बंदच राहिली, तर तिथे गुठळी होऊ शकते किंवा पुढे झडप गळायला लागते.

दुसरी खूण म्हणजे खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा. तो मधोमध हवा. डावीकडे झुकला, तर पंप जास्त ओढतोय किंवा उजवी बाजू दमलीये. उजवीकडे झुकला, तर डावा कप्पा नीट रिकामा होत नाहीये.

एवढं बारीक का बघायचं? समजा, 'फ्लो कमी' असा अलार्म वाजला. आपल्याला वाटेल, वाढवा वेग! थांबा. इकोत डावा कप्पा आकसलेला दिसला, तर पंपाला ओढायला रक्तच नाहीये. वेग वाढवला तर पंपाचं तोंड कप्प्याच्या भिंतीला चिकटेल आणि ठोक्यांची लय धोकादायक रीतीने बिघडू शकते. इथे बहुधा वेग कमी करतात आणि कारण शोधतात. अंगातलं पाणी कमी झालंय? कुठे रक्तस्राव होतोय? की उजवा कप्पा फुगलाय? तसं असेल तर नुसत्या सलाईनने भागत नाही, उजव्या बाजूला औषधांचा आधार द्यावा लागतो.

उलट डावा कप्पाच फुगलेला असेल, तर रक्त आहे, पण पुढे जात नाहीये. बीपी चढलंय किंवा पंपाची नळी कुठेतरी अडलीये.

म्हणजे अलार्म एकच, उपाय मात्र अगदी उलटे! म्हणूनच रिपोर्टवर त्या वेळचा पंपाचा वेग आणि बीपी लिहिलेलं हवंच. घरात असा पेशंट असेल, तर जुन्या इकोची फाईल प्रत्येक वेळी सोबत न्या. आधीचं चित्र समोर असलं की नवा बदल लवकर पकडता येतो.

भेटूया पुढच्या भागात. ऐकत राहा!