पाटी की टाइपरायटर?

बंगळूरला मल्लेश्वरममध्ये माझी आत्या राहते. वय वर्षे ७४. गेल्या उन्हाळ्यात तिची ४० हजारांची मुदत ठेव पुरी झाली आणि घरात एकच चर्चा सुरू झाली, लॅपटॉप घ्यायचा की टॅबलेट? नातू नुकताच बी.कॉम.ला गेलेला. त्याला काहीतरी हवंच होतं. पण वस्तू एकच येणार, आणि ती दोघांनी वापरायची!

आत्याला विचारलं, तर तिचं नेहमीचं उत्तर : ‘‘मला काय, घ्याल ते चालेल.’’ असं म्हणणारं माणूस तुमच्याही घरात असेलच. त्याला खरोखर काय हवंय, हे शोधून काढणं महाकठीण!

सगळ्यांनी मग तिच्या वतीने ठरवून टाकलं. वयस्कर माणसाला टॅबलेटच बरा. वजनाला हलका, आडवं पडून वाचता येतो, दोन बोटांनी अक्षर मोठं करता येतं, चार्जिंगही बराच वेळ टिकतं. यात खोटं काहीच नाही. ज्याला मुख्यत: वाचायचं, पाहायचं आणि नातेवाइकांशी बोलायचं आहे, त्याने लॅपटॉपवर जादा पैसे घालवू नयेत, असं माझंही मत आहे.

गंमत म्हणजे हा प्रश्न बंगळूरने आयपॅड येण्याआधीच सोडवायला घेतला होता. इथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधले प्राध्यापक आणि एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीने मिळून ‘सिम्प्युटर’ नावाचा हातात मावणारा संगणक तयार केला. २००१ मध्ये त्याचा नमुना लोकांपुढे आला, २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीने तो बाजारात उतरला. त्याला कीबोर्ड नव्हता. पडद्यावर लेखणी टेकवायची! ज्याला वाचता येत नाही, त्याला यंत्राने भारतीय भाषेत वाचून दाखवावं, अशी कल्पना. त्याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातलं स्मार्ट कार्ड. यंत्र गावात एकच असलं, तरी ज्याने-त्याने आपलं कार्ड घालायचं आणि आपलं काम करायचं! सिम्प्युटर फारसा खपला नाही, स्वस्त मोबाइलने बाजी मारली. पण एक वस्तू अनेकांनी वापरायची, तर प्रत्येकाचा कप्पा वेगळा हवा, हे त्या मंडळींना तेव्हाच कळलं होतं. आज लॅपटॉपवर प्रत्येकाचं वेगळं खातं आणि वेगळा पासवर्ड करता येतो. टॅबलेटचं तसं नाही. काहींवर ही सोय असते, काहींवर नसते. घेण्याआधी दुकानदाराला हे जरूर विचारा.

तर आम्ही एस. पी. रोडला गेलो. संगणकाच्या दुकानांची ही दाटीवाटीची पेठ. दुकानदाराने टॅबलेट आत्याच्या हाती दिला. वर्तमानपत्र उघडून दाखवलं. तिने मान डोलावली आणि हळूच विचारलं, ‘‘यावर टाइप कसं करायचं?’’ त्याने पडद्यावरचा कीबोर्ड काढून दाखवला. आत्याने सवयीने दहाही बोटं त्यावर टेकवली आणि अक्षरांचा नुसता भडिमार झाला!

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आत्या ३० वर्षं एका सरकारी कारखान्यात टायपिस्ट होती! बोटं पट्ट्यांवर विसावतात, मग टाइप होतं, ही तिची सवय. काचेवर मात्र बोट टेकलं की अक्षर उमटलंच. ‘‘लग्न होऊन इथे आले तेव्हाचं बंगळूर लिहून ठेवावंसं वाटतं. हाताने लिहिलं की बोटं दुखतात,’’ ती म्हणाली. इतकी वर्षं कुणाला बोलली नव्हती.

टॅबलेटला वेगळा कीबोर्ड जोडता येतो, पण त्याचे पैसे वेगळे. शिवाय नातवाला हिशेबाचे मोठे तक्ते करायचे, दोन-दोन खिडक्या शेजारी उघडायच्या, परीक्षेच्या अर्जासाठी फोटो आणि सही ठराविक मापात बसवून पाठवायची. ही कामं टॅबलेटवर होतात, पण जीव मेटाकुटीला येतो. म्हणून लॅपटॉपच घेतला. मात्र स्क्रीन जरा मोठा पाहून, आणि पुढेमागे मेमरी वाढवता येईल ना, याची खात्री करून.

आता त्यावर दोन खाती आहेत. नातू सकाळी मेट्रोने कॉलेजला जातो, लॅपटॉप घरीच ठेवतो. दहा ते बारा आत्याची वेळ. रोमन अक्षरांत टाइप केलं की मराठी उमटतं, त्यामुळे तिच्या बोटांना नवं काही शिकावं लागलं नाही. अडलं ते फक्त ‘ळ’पाशी. पहिले दोन दिवस मल्लेश्वरमला भेटायला येणारं ‘बंगलूर’च होतं. शेवटी नातवाने दाखवलं, शिफ्ट दाबून एल! मागच्या आठवड्यात तिने मला फोन केला, ‘‘१४ पानं झाली गं. अजून माझं लग्नच व्हायचंय!’’