मित्रांचे टेबल आणि उधारीची वही

मालेगावात यंत्रमागांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते. इतर दिवशी खडखडाटाने भरून गेलेले मोहल्ले त्या दिवशी शांत होतात आणि गर्दी होते ती हॉटेलांत. माग चालविणारे, सायझिंगमध्ये काम करणारे, सुताचा धंदा करणारे, चार-पाच जणांच्या टोळ्या करून बसतात. कोणी खिमा-पाव मागवितो, कोणी कबाब, आणि कोणी केवळ चहावर तासभर गप्पा मारतो. ज्या गावांत यंत्रमाग नाहीत तेथे हाच दिवस बाजारपेठेच्या सुट्टीचा असतो, किंवा आठवडी बाजार आटोपल्यानंतरच्या संध्याकाळचा.

मित्रांबरोबर बाहेर जेवायला जाणे ही आता फक्त मुंबई-पुण्याची चैन राहिलेली नाही. तालुक्याच्या गावातील शिंपी, गॅरेजवाला, किराणा दुकानदार, शिक्षक हे सर्व महिन्यातून दोन-तीन वेळा तरी एकत्र बसतात. हॉटेलच्या धंद्यात आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांच्यापैकी अनेकांचा गल्ला याच मित्रांच्या टेबलावर चालतो. मात्र ज्या टेबलावर गल्ला चालतो त्याच टेबलावर तो बुडूही शकतो. हे कसे घडते, आणि त्यात मालकाची चूक किती व आम्हा खाणाऱ्यांची किती, याचा विचार करण्यासाठी हा लेख आहे.

हे गिऱ्हाईक वेगळे का?

हॉटेलात येणारे गिऱ्हाईक ढोबळमानाने तीन प्रकारचे असते. पहिला वाटसरू. तो भुकेला असतो, वीस मिनिटांत खाऊन उठतो, पैसे रोख देतो. परंतु पुन्हा येईलच असे नाही. दुसरे कुटुंब. ते सणासुदीला किंवा पाहुणे आल्यावर येते, स्वच्छता आणि आडोसा पाहते. तिसरी मित्रांची टोळी. ती वर्षानुवर्षे येते, इतरांना घेऊन येते, आणि एका प्लेटवर थांबत नाही. एकाने शीक कबाब मागविला की दुसऱ्याला तंगडी हवी असते. शेवटी सर्वांना चहा लागतोच.

या टोळीच्या दोन सवयी मात्र मालकाने ओळखून ठेवाव्यात. एक म्हणजे ती लवकर उठत नाही. दुसरी म्हणजे बिल देण्याच्या वेळी तिच्यात नेहमी गोंधळ होतो. "आज मी देतो", "नाही, मागच्या वेळी तू दिलेस", अशी ओढाताण होते आणि कधीकधी तिचा शेवट "चाचा, लिहून ठेवा" यात होतो.

एका टेबलाचा हिशेब

उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहू. आकडे गावागावाप्रमाणे बदलतील, पण पद्धत तीच राहील. समजा, एका टेबलाचे सरासरी बिल १,२०० रुपये होते. त्यात मटण, चिकन, तेल, मैदा, कांदा-मसाला असा कच्चा माल ४८० रुपयांचा. उरले ७२० रुपये.

आता रोजचा ठरलेला खर्च पाहा. भाडे ५०० रुपये, बावर्ची, तंदूरवाला आणि दोन वेटर मिळून पगार २,६०० रुपये, गॅस ७०० रुपये, वीज-पाणी व इतर ४०० रुपये. एकूण ४,२०० रुपये. म्हणजे दिवसाची पहिली सहा टेबले केवळ खर्च भागविण्यासाठी असतात. मालकाची स्वतःची कमाई सातव्या टेबलापासून सुरू होते. ज्या दिवशी पाचच टेबले लागली, त्या दिवशी मालकाने घरून पैसे आणून हॉटेल चालविले असे समजावे.

यात उधारी कोठे बसते? उधारीचे टेबल हिशेबात विक्री म्हणून दिसते, परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी खाटीक आणि कोंबडीवाला रोख मागतो. शिवाय महिनाभरात १२,००० रुपयांची उधारी बुडाली, तर ती भरून काढण्यासाठी ७२० रुपयांप्रमाणे आणखी सतरा टेबले रोखीने लागली पाहिजेत. लहान गावात सतरा नवी टेबले आणायची कोठून?

कराचाही विचार याच हिशेबात करावा. रोज सात टेबले आणि महिन्यात २६ दिवस धरले तरी वर्षाची उलाढाल २६ लाखांवर जाते. हॉटेल-सेवेसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात २० लाखांची आहे, म्हणजे असे साधे हॉटेलही नोंदणीत येते. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या आणि मद्य न देणाऱ्या हॉटेलला कंपोझिशन योजना घेता येते. तीत उलाढालीवर ५ टक्के कर मालकाने आपल्या खिशातून भरायचा असतो. गिऱ्हाइकाच्या बिलात तो वेगळा लावता येत नाही. म्हणजे १,२०० च्या बिलातून ६० रुपये जातात आणि ७२० चे ६६० उरतात. साध्या नोंदणीत ५ टक्के कर बिलावर लावता येतो, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. ही पद्धत १५ नोव्हेंबर २०१७ पासून आहे. कोणती योजना आपल्याला परवडते हे कर सल्लागाराला विचारून ठरवावे. कंपोझिशन घेऊनही बिलात जीएसटी लावणारी हॉटेले दिसतात. ते कायद्याविरुद्ध आहे आणि गिऱ्हाइकाची फसवणूकही आहे.

आमच्या टेबलाची गोष्ट

प्रस्तुत लेखक आणि त्याचे तीन मित्र, एक शिलाईकाम करणारा, एक फॅब्रिकेशनवाला आणि एक गॅरेजवाला, आठवड्यातून एकदा आमच्या गावातील एका हॉटेलात बसत असू. आठ टेबले, दारात तंदूर, गल्ल्यावर चाचा आणि वाढायला त्यांचा भाचा. खाणे साधे, पण शोरबा असा की घरी जाऊन पुन्हा जेवण्याची इच्छा होत नसे. कोणाच्या खिशात पैसे नसले की आम्ही लिहून ठेवायला सांगत असू. चाचा म्हणत, "लिहितो, जमेल तेव्हा द्या." त्यांना तोंडावर नाही म्हणणे कधी जमले नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा आमच्या पानावर ३,६५० रुपये होते. आम्हाला ती रक्कम फार वाटली नाही. चौघांत वाटली तर प्रत्येकी हजारही होत नव्हते. आमचेही धंदे बंद होते, त्यामुळे कोणी विषय काढला नाही. महाराष्ट्रातील हॉटेलांना आत बसवून जेवण देण्याची परवानगी ५ ऑक्टोबर २०२० पासून मिळाली, तीही निम्म्या क्षमतेने. म्हणजे सहा महिन्यांहून अधिक काळ टेबले रिकामी होती. आम्ही चाचांच्या हॉटेलावर गेलो तेव्हा शटर खाली होते. सहा महिन्यांचे भाडे थकले होते. बावर्ची त्याच्या गावी गेला होता. गॅस, पहिल्या आठवड्याचे मटण आणि माणसांची उचल यासाठी रोख रक्कम लागत होती आणि ती चाचांजवळ नव्हती.

नोव्हेंबरमध्ये आम्ही पैसे घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी वही काढली, आमच्या पानावर रेघ मारली आणि सांगितले, "तुम्ही चौथे आलात." वहीत पन्नासच्या वर नावे होती आणि सर्व मिळून सत्तर हजारांहून अधिक रक्कम होती. "हे सप्टेंबरमध्ये आले असते तर घरमालकाला काही तरी दाखविता आले असते," एवढेच ते बोलले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून आम्हाला अधिक लाज वाटली. हॉटेल पुन्हा उघडले नाही. चाचा आता लग्नकार्यात देगी उतरवितात, आणि भाचा पुण्यात दुसऱ्याच्या हॉटेलात कामाला आहे.

टाळेबंदी नसती तर ते हॉटेल चालले असते का, असे कोणी विचारील. कदाचित चालले असते. परंतु अडचणीच्या काळात ज्या पैशाने धंदा तग धरतो, तोच पैसा आमच्यासारख्यांच्या नावावर पडून होता, हे नाकारता येत नाही.

मालकांनी काय करावे

पहिली गोष्ट, दर लिहून लावावेत. हाफ आणि फुल प्लेट, कबाबचे नग, जादा शोरब्याचे पैसे घेणार की नाही, हे भिंतीवर स्पष्ट दिसावे. टोळीत बिलावरून वाद होतो तो बहुधा न सांगितलेल्या दरामुळे होतो.

दुसरी गोष्ट, पदार्थांची यादी लांब करू नये. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील नान-खलिया पाहा. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलविली, त्या काळातील लष्कराच्या स्वयंपाकाशी या पदार्थाचा संबंध जोडला जातो. मोठ्या देगीत एकच कालवण आणि तंदूरचा नान, एवढ्यावर तेथील लहान हॉटेले चालतात. चार मित्र बसले की पाच मिनिटांत टेबल भरते. फ्रीजमध्ये दहा प्रकारचा माल पडून सडत नाही आणि बावर्चीचा हात बसलेला राहतो. चायनीजपासून पिझ्झापर्यंत सर्व काही ठेवणाऱ्या हॉटेलात नेमके काय खायला जावे हे लोकांना आठवत नाही.

तिसरी गोष्ट, बसण्याची वेळ. रात्री साडेआठ ते दहा या गर्दीच्या वेळेत टोळी अडून बसली तर तिला उठविण्याऐवजी चहा बाहेरच्या बाकावर द्यावा. लोक आनंदाने बाहेर बसतात. उलट दुपारी चार ते सात टेबले मोकळी असतात, तेव्हा समोसे, कबाब, खिमा-पाव असे हलके खाणे ठेवले तर हीच टोळी त्या वेळेला येते. रमजानमध्ये दिवसाचा धंदा बुडतो, पण तरावीहनंतरच्या रात्री मित्रांच्याच असतात. त्यासाठी माणसांच्या पाळ्या आधीच ठरवाव्यात.

चौथी गोष्ट, कुटुंबांसाठी बाजू वेगळी ठेवावी. तरुणांचा आरडाओरडा असलेल्या हॉटेलात बायकामुले येत नाहीत. एक जाळी, एक पडदा आणि स्वच्छ मोरी एवढे केले तरी फरक पडतो. अन्नसुरक्षेचा चौदा अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा आणि बिलावरही छापावा. बिलावरील नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तळणीचे तेल काळे पडेपर्यंत वापरू नये. हलाल मटणाची खात्री देणाऱ्याने मोरीच्या स्वच्छतेचीही खात्री द्यावी, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते आणि ती रास्त आहे.

पाचवी आणि मुख्य गोष्ट उधारीची. तोंडावर नाही म्हणणे अवघड जाते, म्हणून नियमच करावा. उधारीला रकमेची आणि दिवसांची मर्यादा ठेवावी, मागील बाकी दिल्याशिवाय नवे लिहू नये, आणि लिहिलेल्या रकमेखाली गिऱ्हाइकाची सही घ्यावी. नियम सर्वांना सारखा असला की कोणाचा अपमान होत नाही.

मित्रांनी काय करावे

आपल्या टोळीत सर्वांची कमाई सारखी नसते. ज्याचा धंदा मंद आहे तो मित्र "आज मी देतो" म्हणणाऱ्यांच्या चढाओढीत मुकाट बसतो, आणि पुढच्या वेळी काही तरी निमित्त काढून येण्याचे टाळतो. आम्ही अशा कारणाने आमचा एक पाचवा मित्र गमावला होता, आणि ते कारण आम्हाला फार उशिरा कळले. म्हणून बसण्याच्या आधीच ठरवावे की आज किती खर्च करायचा आणि तो कसा वाटायचा. 'तुझे तू, माझे मी' म्हणण्यात मैत्री कमी होत नाही. आता मोबाईलवरून पैसे पाठविण्याची सोय आहे. एकाने बिल द्यावे आणि इतरांनी त्याला तेथेच बसून आपला वाटा पाठवावा. उद्यावर ठेवू नये.

चाचांच्या घरून परतल्यावर आम्ही चौघांनी एक पद्धत सुरू केली. भिशीप्रमाणे प्रत्येकाने महिन्याच्या पहिल्या तारखेला २५० रुपये काढायचे आणि ते हजार रुपये ज्या हॉटेलात आम्ही बसतो तेथे आधीच जमा करायचे. महिनाभर जे खाऊ ते त्यातून वजा होते. पैसे संपले की त्या महिन्यात फक्त चहा, तोही रोखीने. नव्या हॉटेलच्या मालकाला प्रथम हे विचित्र वाटले. आमच्या हजार रुपयांत त्याचा एक दिवसाचा गॅस आणि काही किलो कोंबडी रोखीने येते, हे लक्षात आल्यावर त्याने इतर दोन टोळ्यांनाही हेच सुचविले.

त्याच्याकडेही वही आहे. फरक इतकाच की आमचे नाव तिच्या जमेच्या बाजूला आहे. वाचकांनी आपापल्या गावच्या हॉटेलात आपले नाव कोणत्या बाजूला लिहिले आहे ते एकदा पाहावे, आणि बाकी असेल तर या आठवड्यातच फेडून टाकावी.