मात्रा गाळणारे मूल : लेखनारंभाच्या अभ्यासातील एक प्रश्न

'पाणी' हा शब्द लिहावयास सांगितला असता मूल 'पन' असे लिहिते, तेव्हा शिक्षक त्यावर फुली मारतो आणि संशोधक विद्यार्थी आपल्या तक्त्यात एक चूक मांडून पुढे जातो. या नोंदीत कोणती सामग्री हातची निसटते, हे येथे पाहावयाचे आहे.

एमिलिया फेरेरो व आना तेबेरोस्की यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या स्पॅनिश ग्रंथात असे दाखविले की, मूल लेखनाविषयी स्वतःच काही गृहीतके बांधीत असते. शब्दातील प्रत्येक उच्चारखंडास एक चिन्ह पुरते, हे त्यांपैकी एक होय. स्पॅनिश मूल 'पातो' (बदक) या शब्दासाठी पुष्कळदा केवळ दोन स्वर लिहिते. छापील शब्दात मात्र त्यास चार अक्षरे दिसतात आणि ही विसंगतीच त्यास आपला समज बदलावयास लावते.

देवनागरीत असे घडणे कठीण. 'पाणी' या शब्दाचे खंड दोन आणि अक्षरेही दोनच. लिपीच मुलाच्या समजुतीस दुजोरा देते. उरते ती मात्रा. स्पॅनिश मूल स्वर राखते, तर आपले मूल व्यंजन राखून स्वर सोडते. कारण आपल्या लिपीत स्वर हा व्यंजनास चिकटून येतो, त्याची स्वतंत्र जागा मुलास दिसत नाही. मात्रा गाळणे हा निष्काळजीपणा नसून लिपीच्या रचनेविषयीचा एक अर्धवट, पण सुसंगत तर्क आहे.

'ण'च्या जागी आलेल्या 'न'ची गोष्ट निराळी. वऱ्हाडात व अन्यत्रही अनेक घरांत 'पानी' असेच म्हणतात. तेथील मुलाने लिहिलेला 'न' म्हणजे कानाने ऐकले ते प्रामाणिकपणे उतरविणे होय. तक्त्यात या दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात पडतात आणि पुढे त्यांची टक्केवारी निघते! आपल्या प्रबंधांतील टक्केवारीच्या हव्यासाविषयी अधिक न लिहिलेले बरे.

काही गोष्टी तर पूर्ण झालेल्या कागदावर दिसतच नाहीत. 'किती' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी काढली की 'क' लिहून हात मागे नेला, 'सूर्य' लिहिताना रफार केव्हा दिला, हे मुलाशेजारी बसल्याविना कळणार नाही.

कर्नाटकातील यादगीर व महाराष्ट्रातील वाडा या भागांत शैलजा मेनन व सहकाऱ्यांनी पहिली ते तिसरीतील मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा केला; त्याचा अहवाल २०१७ साली निघाला. तिसरीअखेरही बऱ्याच मुलांस सलग मजकूर वाचणे जड जात असल्याचे त्यात आढळले. अशा पाठपुराव्याचे मोल उघड आहे. दोन महिने 'पन' लिहिणारे मूल वाटेवर असते. दोन वर्षे तेच लिहिणारे मूल अडलेले असते. एकाच दिवशी घेतलेल्या चाचणीत मात्र दोघांस सारखेच गुण पडतात.