शर्यतीचे मैदान आणि गावाची वर्गणी

लासलगावच्या कांदा बाजारात तुम्ही ट्रॅक्टर आणि पिकअप गाड्यांच्या रांगा रोज पाहता. ही बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. त्या काळी शेतमाल बैलगाडीतून बाजारात येई. ओझे वाहण्याचे बैलाचे काम पुढे यंत्राने घेतले. यात्रेत धावण्याचे काम मात्र अजून बैलाकडेच आहे.

'शर्यत' हा शब्द तुम्हांला परका वाटू नये. आपल्या उर्दूतील 'शर्त' तोच हा. मैदान आणि इनाम हे शब्दही मराठीने आपलेसे केले आहेत. 'वर्गणी' म्हणजे आपण ज्याला चंदा म्हणतो तो.

महाराष्ट्रात सगळीकडे शर्यत एकसारखी नसते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव व खेड या भागांत गाड्याला चार बैल जुंपतात. धावण्याच्या चढणीच्या वाटेला 'घाट' म्हणतात. पुढे घोडेस्वार धावतो आणि घड्याळावर सेकंद मोजले जातात. सातारा, सांगलीकडे दोन बैलांची हलकी गाडी असते आणि गाडीवान तीत बसतो. विदर्भात हाच खेळ शंकरपट या नावाने ओळखला जातो. शर्यतीसाठी खिल्लार जातीच्या बैलांना फार मागणी असते. देवाच्या यात्रेप्रमाणे काही गावांत पिराच्या उरुसातही शर्यती होतात.

आता पैशाचे पाहू. यात्रेच्या आधी गावातील मंडळी पावतीपुस्तक घेऊन घरोघर फिरतात. कोणी शंभर देतो, कोणी हजार. नोकरीसाठी शहरात गेलेले लोकही आवर्जून वर्गणी पाठवतात. गाडामालकांची प्रवेश फी येते. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ ढाल देतो, आणि त्याचे नाव लाउडस्पीकरवरून पुकारले जाते. (नाव ऐकण्यासाठी तो मुद्दाम पुढे येऊन उभा राहतो, हेही खरे!) खर्च वजा जाता पैसे उरले, तर ते देवळाच्या दुरुस्तीला किंवा गावाच्या दुसऱ्या कामाला लावतात.

असे दूर देशीही घडते. अमेरिकेत गुरे राखणाऱ्यांच्या कामातून 'रोडिओ' हा खेळ निघाला. उधळणाऱ्या घोड्यावर किंवा बैलावर टिकून बसणे, धावते वासरू दोराने पकडणे, असे त्याचे प्रकार असतात. ह्यूस्टन शहरात १९३२ साली जनावरांचे प्रदर्शन सुरू झाले. पुढे त्याला रोडिओची जोड मिळाली. १९५७ पासून तेथून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जातात. खेळ पाहायला गर्दी येते आणि त्या गर्दीतून कोणाच्या तरी शिक्षणाचा खर्च निघतो.

आपल्याकडे मात्र या खेळावर मोठे संकट आले. बैलाला चाबूक मारणे, शेपूट पिरगाळणे, विजेचा झटका देणे असे क्रूर प्रकार होत. प्राणिप्रेमींनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. शर्यतीचा बैल सांभाळणे परवडेना, म्हणून अनेकांनी बैल विकले. यात्रेतील गर्दी घटली, तशी भेळवाल्याची व पाळणेवाल्याची कमाईही घटली. पण तक्रार खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. २०१७ साली राज्याने कायद्यात बदल केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. धाव एक हजार मीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही. बैलाला इजा केली, तर पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बंदी उठल्यावर इनामे मात्र भलतीच फुगली. २०२२ साली पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे पहिले इनाम म्हणून चक्क जेसीबी यंत्र ठेवले होते! एवढे इनाम घरोघरच्या वर्गणीतून उभे राहत नाही. त्यासाठी पुढारी किंवा मोठा धनिक लागतो. मग मैदानावर गावाच्या नावापेक्षा त्याचे नाव मोठ्या अक्षरांत झळकते. शंभर रुपये देणारा माणूस आपल्या शंभराचा हिशेब हक्काने मागतो, पण जेसीबी देणाऱ्याला हिशेब कोण विचारणार?

काही गावांत यात्रा संपल्यावर जमाखर्च फळ्यावर लिहून लावतात. तुमच्या जवळच्या यात्रेत किंवा उरुसात असा फळा लागतो का, ते पाहा. लागत असेल, तर उरलेली रक्कम कशावर खर्च झाली, ते वहीत टिपून आणा.