घरचे इंटरनेट बंद पडल्यास दोष कसा शोधावा?

शिष्यवृत्तीचे अर्ज, यू-डायस प्लसची माहिती इत्यादी कामे पुष्कळ शिक्षकांना रात्री घरी बसून करावी लागतात. अशा वेळी इंटरनेट बंद पडून एखाद्या गरीब मुलाचा अर्ज मुदतीत गेला नाही, तर नुकसान त्या मुलाचे होते. म्हणून दोष शोधण्याची रीत प्रत्येक शिक्षकाने आत्मसात करणे इष्ट होय.

भागाकार चुकला असता आपण सारे उदाहरण पुसून टाकीत नाही. कोणत्या पायरीवर चूक झाली ते पाहतो. येथेही तेच तत्त्व लागू आहे.

प्रथम दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडल्यास बिघाड बहुधा पहिल्या स्थळाचा असतो. कोणतेच स्थळ उघडत नसेल, तर घरातील दुसऱ्या मोबाइलवर अथवा संगणकावर, त्याच जोडणीने, तपासावे. तेथे चालत असल्यास दोष पहिल्या यंत्रात समजावा.

दोन्हींवर बंद असेल, तर राउटरवरील दिवे पाहावेत. एकही दिवा नसल्यास विजेची जोडणी तपासावी. फायबरच्या जोडणीत ‘एलओएस’ या अक्षरांपाशी तांबडा दिवा लागला असेल, तर तारेतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही. ही तार तीव्र कोनात वाकली तरी प्रकाश बाहेर निसटतो. यास्तव ती खिळ्याला गुंडाळलेली किंवा कपाटामागे दबलेली नाही ना, हे पाहावे. तारेच्या टोकाशी डोळा मात्र कदापि नेऊ नये. त्यातील प्रकाश दिसत नाही, तरी तो अपायकारक ठरू शकतो. तार ठीक असूनही तांबडा दिवा राहिल्यास सेवा देणाऱ्यास दिव्याच्या स्थितीसह कळवावे.

दिवे नीट असल्यास राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावा. तरीही अडचण राहिली, तर संगणक राउटरला तारेने जोडून पाहावा. तारेने चालते, पण वायफायने चालत नाही, असे आढळल्यास दोष वायफायमध्ये आहे. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली, तरी जाड भिंतीपलीकडे २.४ गिगाहर्ट्झची लहर अधिक पोहोचते. राउटर उघड्या व उंच जागी ठेवावा.

दोष लवकर सापडला नाही, तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून अर्ज आधी पाठवावा व शोध मागाहून करावा. मुदत थांबत नाही, हे शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानी ठेवावे.